तुटलेला टॅप घरच्या स्पार्क मशीनने काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर प्रश्न येतात ते बहुतेक रात्री अकरानंतर, आणि सोबत भोकात मोडून बसलेल्या टॅपचा (भोकात आटे पाडायच्या हत्याराचा) फोटो असतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाची उत्तरं इथे लिहून ठेवतो. घाईत असाल तर निदान ३, ६ आणि ११ हे तीन वाचा. बाकीचं जॉब (टॅप अडकलेला भाग) समोर ठेवून वाचलंत तरी चालेल.

१. तुटलेला टॅप ड्रिल मारून का निघत नाही?

टॅप हाय स्पीड स्टीलचा असतो, कडकपणा साधारण ६२ ते ६५ रॉकवेल. तुमचं ड्रिलही त्याच स्टीलचं. लोखंडाने लोखंड कापायचं तर एक मऊ हवं, इथे दोघंही सारखेच अडेल. ड्रिल टॅपच्या फ्लूटमध्ये (लांबीच्या खाचेत) घसरतं, बाजूचा मऊ धातू खातं आणि भोक अंडाकृती करून ठेवतं. फोटोतले निम्मे जॉब टॅप तुटल्यामुळे बिघडलेले नसतात, त्यानंतरच्या अर्ध्या तासात बिघडलेले असतात. टॅप तुटला की आधी हातातलं सगळं खाली ठेवा आणि चहा घ्या.

२. स्पार्कने नेमकं काय होतं? टॅप वितळतो का?

थोडा थोडा, ठिणगीगणिक. इलेक्ट्रोड आणि टॅप यांच्यात केसाहून बारीक फट ठेवायची, त्यात वीज न वाहणारा द्रव भरायचा आणि दोन्हींवर व्होल्टेज द्यायचं. फट पुरेशी अरुंद झाली की द्रव तिथे हार खातो आणि ठिणगी पडते. त्या टिपक्यापुरतं तापमान हजारो अंशांवर जातं, धातूचा कण वितळून उडतो, द्रव त्याला थंड करून बाजूला नेतो. सेकंदाला अशा हजारभर ठिणग्या पडल्या की हळूहळू खड्डा होतो. टॅप किती कडक आहे याच्याशी ठिणगीला काही देणंघेणं नसतं. त्यातून वीज वाहते एवढं पुरे.

या तंत्राची सुरुवातही तुमच्याच अडचणीतून झाली. १९४३ च्या सुमारास मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे दांपत्य इंजिनाच्या इग्निशनमधले टंगस्टनचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी का झिजतात ते शोधत होतं. झीज थांबवता येईना, तेव्हा त्यांनी तीच कामाला लावली. त्याच काळात अमेरिकेत हॅरल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हच्या कास्टिंगमध्ये तुटलेले टॅप आणि ड्रिल ठिणगीने काढण्याच्या मागे होते. आपण घरी जोडतो ते सर्किट लाझारेंकोंचंच आहे: एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर.

३. भोकातले आटे खराब होतील ना?

पूर्ण टॅप जाळायला गेलात तर होतील. जाळायचा असतो फक्त गाभा. टॅपला तीन किंवा चार फ्लूट असतात आणि आटे पाडणाऱ्या पाकळ्या मधल्या बारीक गाभ्याला चिकटलेल्या असतात. गाभा गेला की पाकळ्या सुट्या होतात आणि टोचणीने उचलता येतात. एम६ च्या (६ मिमी आट्याच्या) टॅपचा गाभा सव्वादोन-अडीच मिमी असतो आणि भोक ५ मिमीचं. म्हणजे तीन मिमीच्या आसपासचा इलेक्ट्रोड मधोमध उतरवला तर तो आट्यांच्या जवळही जात नाही.

लोकांची चूक इथेच होते. ‘लवकर उरकू’ म्हणून जाडा इलेक्ट्रोड घेतात. जाड्याला जाळायला जास्त धातू असतो, त्यामुळे वेळही जास्त जातो आणि आटेही जातात.

४. घरी मशीन करणं परवडतं, की जॉब बाहेर पाठवू?

जॉब स्कूटरवर बसत असेल तर बाहेर पाठवा. भोसरीत, चाकणला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्पार्कचं काम करणारे गल्लोगल्ली आहेत. एका टॅपसाठी मशीन बांधणं म्हणजे कपभर दुधासाठी म्हैस पाळणं. जॉब हलवता येत नसेल, महिन्याला तीन-चार टॅप तुटत असतील किंवा स्वतः बनवण्याची हौस असेल, तर पुढे वाचा. (महिन्याला तीन-चार तुटत असतील तर ड्रिलचा साइझ आणि टॅपिंग ऑइलही एकदा बघा. एम८ ला ६.८ ऐवजी ६.५ चं ड्रिल मारणारे मी पाहिलेत. मीही त्यातलाच.)

५. सर्किटला काय काय लागतं?

सगळं जुन्या बाजारात मिळतं. जोडणी अशी: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मग रेझिस्टन्समधून कपॅसिटर, आणि कपॅसिटरच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड आणि जॉब.

ट्रान्सफॉर्मर: ॲम्प्लिफायरमध्ये वापरतात तो ३०-०-३० चा, दोन-तीन अँपिअरचा. मधली वायर सोडून द्या आणि बाहेरच्या दोन घ्या. ६० व्होल्ट एसी मिळतो, ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणारा डायोडचा संच) त्याचं शिखर ८५ व्होल्टच्या आसपास जातं. ब्रिज ३५ अँपिअरचा घ्या आणि पत्र्यावर कसा. ब्रिजनंतर फिल्टर कपॅसिटर लावायचा मोह टाळा. सप्लाय सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो तेच बरं, अडकलेला आर्क (न विझलेली ठिणगी) तिथे आपोआप तुटतो.

रेझिस्टन्स: २३० व्होल्टचे, शंभर वॉटचे, तारेचे सहा बल्ब पॅरलल. एवढ्या व्होल्टेजला एक बल्ब साधारण पाव अँपिअर सोडतो, म्हणजे सहांचे दीड. एलईडी बल्ब चालणार नाहीत, हा प्रश्न खरंच येतो. बल्बचा दुसरा फायदा १३ मध्ये.

कपॅसिटर: पंख्याचा अडीच मायक्रोफॅरॅडचा, ४४० व्होल्ट लिहिलेला. चार पॅरलल केले की १० होतात. मोटरचा रनिंग कपॅसिटरही चालतो. स्टार्टिंगचा काळा डबा नको, तो काही सेकंदांच्या कामासाठी असतो. सतत भरणं-रिकामं होणं त्याला सोसत नाही, तो तापून फुगतो.

हिशेब सोपा आहे. ८० व्होल्टला भरलेल्या १० मायक्रोफॅरॅडमध्ये ०.०३२ ज्यूल असतात, आणि तेवढी एका ठिणगीची कमाल ताकद. कपॅसिटर दुप्पट केला तर ताकद दुप्पट, व्होल्टेज दुप्पट केलं तर चौपट. व्होल्टेज वाढवू नका. का ते पुढच्या उत्तरात.

कपॅसिटरला पॅरलल एक २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका, म्हणजे मशीन बंद केल्यावर चार्ज उरणार नाही.

६. ट्रान्सफॉर्मर नाही. डिमरस्टॅट किंवा थेट मेन्सवर ब्रिज लावला तर?

नाही.

डिमरस्टॅट व्होल्टेज कमी करतो, पण घरच्या लाइनपासून वेगळं करत नाही. त्याची एक बाजू सरळ मेन्सला जोडलेली असते. म्हणजे तुमचा जॉब, व्हाइस, टाकी आणि त्यात घातलेला हात हे सगळं लाइनवर. थेट ब्रिज लावला तर सव्वातीनशे व्होल्ट डीसी. जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेल्या ट्रान्सफॉर्मरवरही लोक फसतात. दिसायला तो ट्रान्सफॉर्मर, पण बहुधा आतून ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. वीज बंद असताना मीटरने प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये कंटिन्यूइटी बघा. बीप वाजला तर तो या कामाचा नाही.

आणि खरा ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे निर्धास्त झालात असंही नाही. ८० व्होल्ट डीसी ओल्या, कापलेल्या हातातून गेला तर जीव जाऊ शकतो, आणि सेकंडरीच्या शॉकला घरातला ईएलसीबी (शॉक बसला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होत नाही. सुरू असताना इलेक्ट्रोड आणि जॉब यांना एकाच वेळी हात लावायचा नाही. एक हात खिशात ठेवायची जुन्या इलेक्ट्रिशियनची सवय इथे उपयोगी पडते.

७. वेल्डिंग मशीन आहे. त्याचाही व्होल्टेज ६०-८० च असतो, तेच वापरू का?

व्होल्टेज सारखा असला तरी काम उलटं आहे. वेल्डिंगला अखंड आर्क हवा, आपल्याला प्रत्येक ठिणगी पडून विझायला हवी. वेल्डिंग सेट लावलात तर इलेक्ट्रोड टॅपला चिकटेल आणि टॅप भोकाला. मग उद्यमनगरवालासुद्धा हात जोडेल.

८. इलेक्ट्रोड कशाचा करू?

तांबं सगळ्यात बरं. अर्थिंगची उघडी तांब्याची तार हार्डवेअरच्या दुकानात गेजच्या नंबराने मिळते: १२ नंबर २.६४ मिमी, १० नंबर ३.२५, ८ नंबर ४.०६. एम६ ला १० किंवा १२ नंबर, एम८ ला ८ नंबर. तार सरळ करायला एक टोक व्हाइसमध्ये धरायचं, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये, आणि ताण देत फिरवायचं.

एम१० आणि पुढच्या साइझला एसीवाल्याकडची पाव इंची तांब्याची नळी घ्या. नळी गाभा पूर्ण जाळत नाही, त्याच्याभोवती रिंगण कापते. तेवढ्यानेही पाकळ्या गाभ्यापासून सुटतात, जाळायचा धातू कमी होतो आणि नळीतून द्रव सोडता येतो. पितळेची नळी मिळते सहज, पण जेवढं खाते जवळपास तेवढीच झिजते. वेल्डिंगच्या दुकानातली गाउजिंगची कार्बन रॉड चालते, फक्त बारीक घासताना तुटते आणि काम काजळीसारखं काळं होतं.

९. प्लस कुठे, मायनस कुठे?

या सर्किटमध्ये जॉबला प्लस, इलेक्ट्रोडला मायनस. कंपनीच्या पल्स मशीनवर काम केलेला माणूस उलटं सांगेल आणि त्याचंही बरोबर असेल. तिथे पल्स लांब असतो. आपल्या कपॅसिटरची ठिणगी अतिशय छोटी असते आणि छोट्या ठिणगीत प्लसची बाजू जास्त खाल्ली जाते. शंका असेल तर भंगाराच्या तुकड्यावर पाच-पाच मिनिटं दोन्ही तऱ्हांनी चालवा. इलेक्ट्रोड ज्यात जास्त झिजला ती चूक.

१०. रॉकेल आता मिळत नाही. दुसरं काय?

ईडीएम ऑइल (स्पार्क मशीनचं तेल) विकत घ्या. त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) शंभर अंशांच्या वर असतो, रॉकेलचा चाळिशीच्या आसपास. मिळत असतं तरी मी रॉकेल सुचवलं नसतं. पाण्यात करायचं असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. घरचं आरओचं पाणी त्यासारखं नसतं, त्यात क्षार उरतात आणि ठिणगीऐवजी बुडबुडे येतात. डिस्टिल्ड पाणीही धातूचे कण मिसळून तासाभरात वीज वाहू लागतं, बदलत राहावं लागतं. शिवाय जॉब गंजतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं काढलेलं तेल फुकट मिळालं तरी नको, काही जुन्या तेलांत घातक रसायनं असतात. पेट्रोलबद्दल विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, फोन करून बोलतो.

११. आग लागते का हो?

लागते, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: द्रवाची पातळी. ठिणगी तेलाच्या आत खोल पडली तर तिथे हवा नसते आणि काही होत नाही. तेल उडून किंवा गळून पातळी खाली आली आणि ठिणगी पृष्ठभागाशी पडू लागली की वरची वाफ पेटते. ठिणगीच्या वर निदान चाळीस-पन्नास मिमी तेल हवं. टाकी पत्र्याची, प्लास्टिकची नको. जवळ ड्राय पावडरचा सिलिंडर आणि टाकी झाकून टाकता येईल असं पत्र्याचं झाकण. पेटत्या तेलावर पाणी नाही. धूर ज्वलनशील वायूंचा असतो, खिडकी उघडी ठेवा.

मशीन चालू ठेवून जेवायला जायचं नाही. एकदा गेलो होतो. परत आलो तेव्हा टाकीवर हातभर ज्वाळ होती आणि वरच्या फळीवरचे ड्रॉइंगचे रोल काळे झाले होते. झाकण होतं म्हणून शेड राहिली.

१२. इलेक्ट्रोड हाताने खाली सोडला तर जमेल?

एम१० च्या एखाद्या टॅपला, बेंच ड्रिलिंग मशीनच्या हँडलने, चिकाटी असेल तर जमतं. पण फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या घरातली असते आणि माणसाचा हात तेवढा स्थिर नसतो. टेकतो, उचलतो, पुन्हा टेकतो. निम्मा वेळ शॉर्टमध्ये जातो.

त्यापेक्षा सोलेनॉइड करा. बल्बांकडून इलेक्ट्रोडकडे जाणारा करंट जाड तारेच्या एका कॉइलमधून न्या, आणि कॉइलच्या आतला लोखंडी दांडा इलेक्ट्रोडला जोडा. ही कॉइल कपॅसिटरच्या अलीकडे हवी, पलीकडे नको. इलेक्ट्रोड टेकला की करंट वाढतो, कॉइल त्याला वर उचलते. सुटला की वजनाने खाली येतो. जुन्या दारावरच्या घंटीसारखाच प्रकार. या थरथरीने तळाची काजळीही हलत राहते. आर्डुइनो आणि स्टेपर लावून करणारेही आहेत. ते सुंदर चालतं, पण टॅप आज काढायचा असेल तर तो उद्योग पुढच्या रविवारी.

काहीही केलंत तरी इलेक्ट्रोड मशीनच्या स्पिंडलपासून विजेच्या दृष्टीने तोडलेला हवा. हायलमचा किंवा नायलॉनचा बुश करून त्यात इलेक्ट्रोड बसवा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाईल आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतील.

१३. स्पार्क नीट पडतोय हे कळतं कसं?

कानाने. चांगला स्पार्क फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो, अखंड आणि एकसारखा. शांतता म्हणजे एकतर टेकलंय किंवा लांब गेलंय. कोणतं, ते बल्ब सांगतात: सगळे स्थिर पिवळट जळत असतील तर शॉर्ट, अंधार असेल तर फट मोठी, फडफडत असतील तर चालू द्या. काट्याचा मीटर फटीवर लावलात तर काटा शून्य आणि पूर्ण व्होल्टेज यांच्या मध्ये थरथरायला हवा.

१४. वेळ किती लागतो?

एम६, पंधरा मिमी खोल, वर सांगितलेलं सर्किट: तास-दोन तास. व्हिडिओत चार मिनिटांत निघतो तो कापलेला व्हिडिओ असतो.

१५. तडतड चालू आहे, पण खोली वाढत नाही.

तीन कारणं, याच क्रमाने तपासा. एक, खाली काजळी साठलीय आणि ठिणगी तिच्यातच पडतेय. इलेक्ट्रोड उचला, पिचकारीने भोक धुवा. दहा मिनिटांनी एकदा हे करावंच लागतं. दोन, इलेक्ट्रोड झिजलाय. डायल म्हणतं दहा मिमी उतरलो, पण इलेक्ट्रोड तीन मिमी आखूड झाला असेल तर खरी खोली सात. बाहेर काढून मोजा. झिजून टोक गाजरासारखं निमुळतं झालं असेल तर कापून सपाट करा. तीन, बाजूला ठिणगी पडतेय, म्हणजे इलेक्ट्रोड वाकलाय किंवा टॅपच तिरका आहे. २२ पहा.

१६. गाभा गेला, पण पाकळ्या हलत नाहीत.

एक पाकळी आधी सुटते, बाकीच्या तिच्या मागून येतात. दाभणासारखी कडक टोचणी घेऊन पाकळी मधल्या पोकळीच्या दिशेने ढकला, वर उचकटू नका. वर उचकटली की आट्यात फिरते आणि रुतते. अजिबात हलत नसेल तर गाभ्याचा तुकडा तळाशी शिल्लक आहे, अजून एक-दीड मिमी जाळा.

१७. ब्लाइंड होल (आरपार न गेलेलं भोक) आहे. काही वेगळं?

काजळी आणि पाकळ्यांचे तुकडे खाली जाऊ शकत नाहीत, त्यामुळे धुणं दुप्पट वेळा. शक्य असेल तर जॉब उलटा टांगून खालून स्पार्क मारणारेही आहेत, मला ती सर्कस जमलेली नाही. नळीचा इलेक्ट्रोड इथे सर्वात उपयोगी.

१८. इंजिन ब्लॉक आहे, टाकीत मावत नाही.

झाडाला आळं करतो तसं भोकाभोवती आळं करा, खिडकीच्या काचेला लावतात त्या पुट्टीचं. कणकेचं नको, तिच्यात पाणी आणि बहुधा मीठ असतं. आळ्याची उंची ११ मधल्या पातळीच्या हिशेबाने. अशा उघड्या जागी रॉकेल मुळीच नाही, इंजिनावर तेल-पेट्रोलचे डाग असतातच. डिस्टिल्ड पाणी बरं. गाडीत असलेल्या इंजिनावर करत असाल तर बॅटरी सोडवा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरचे कनेक्टर काढा आणि प्लसचा क्लॅम्प भोकाच्या अगदी जवळ, रंग खरवडून लावा. क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावला तर करंट मधल्या बेअरिंगमधून वाट काढतो.

१९. जॉब ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा आहे.

ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा लवकर खाल्लं जातं. इलेक्ट्रोड जरा भिंतीकडे सरकला की टॅप सोडून जॉबच जळू लागतो, म्हणून एक नंबर बारीक तार घ्या आणि पंख्याचा एकच कपॅसिटर. ॲनोडाइज केलेल्या भागातून वीज जात नाही, क्लॅम्पखालचा थर घासा.

पण जॉब पितळेचा आणि मुठीत मावणारा असेल तर मशीनच नको. काचेच्या भांड्यात तुरटीचं घट्ट, गरम पाणी करा आणि जॉब बुडवून ठेवा. स्टील हळूहळू काळ्या गाळासारखं होऊन विरघळतं, पितळ राहतं. घड्याळवाले आणि सोनार अडकलेले बारीक स्क्रू आणि ड्रिल असेच काढतात. साध्या कार्बन स्टीलला तासांचा हिशेब, हाय स्पीड स्टीलला दिवसांचा. स्टेनलेसला तुरटी दाद देत नाही. ॲल्युमिनियमही बहुतेक टिकतं, पण काळवंडतं. दिसण्याचा जॉब असेल तर आधी तुकड्यावर बघा. जॉबमध्ये स्टीलची पिन किंवा बुश असेल तर तोही जाईल, हे विसरणारे दोघं मला माहीत आहेत.

२०. टॅप कार्बाइडचा आहे. किंवा तुटलाय तो ईझी-आउट (मोडलेला बोल्ट काढायचं हत्यार), ड्रिल, बोल्ट.

कार्बाइडमधून वीज जाते, त्यामुळे स्पार्क चालतो, पण हळू. कार्बाइड ठिसूळ असतो, बारीक पंचाने हलके ठोके देऊन चुरा होतो का ते आधी बघा (डोळ्यांवर चष्मा). तुटलेला ईझी-आउट टॅपइतकाच कडक, तीच पद्धत. तुटलेलं ड्रिलही तसंच, त्याचाही मधला जाडसर भाग गेला की उरलेल्या दोन कडा सुटतात. साधा बोल्ट मात्र मऊ असतो. त्यावर नट वेल्ड करून फिरवा, स्पार्कवर वेळ घालवू नका.

२१. टॅप निघाला, पुन्हा टॅप मारला आणि तोही तिथेच तुटला!

ठिणगी जिथे पडते तिथे वितळून पुन्हा गोठलेला एक पातळ, कडक थर उरतो. इलेक्ट्रोड जॉबला लागला असेल तर भिंतीवर, ब्लाइंड होलमध्ये तळाशी. नवा टॅप त्यावर जाऊन आपटतो. शेवटची पाच मिनिटं छोट्या कपॅसिटरवर चालवली तर थर पातळ राहतो. नंतर भोक नीट धुवा, पाकळीचा एकही कण राहिला नाही हे टॉर्चने बघा, आणि तळापर्यंत जायचा हट्ट न धरता हाताने टॅप फिरवा. अर्धा आटा पुढे, पाव मागे.

२२. इलेक्ट्रोड अगदी काटकोनात लावला, तरी एका बाजूचे आटे गेले.

इलेक्ट्रोड काटकोनात होता, टॅप नव्हता. टॅप तुटायचं एक नेहमीचं कारण म्हणजे तो तिरका गेलेला असतो, आणि तिरक्याच अवस्थेत मोडून बसतो. आपण इलेक्ट्रोड जॉबच्या पृष्ठभागाला ओळंब्यात लावतो, वर गाभ्याच्या मधोमध सुरू होतो आणि खाली जाता जाता एका पाकळीत घुसतो. म्हणून सुरू करण्याआधी टॅपचा रोख बघा. तुटलेला वरचा तुकडा फेकून दिला नसेल तर तो जागेवर जुळवून उभा करा आणि गुण्या लावा. किती आणि कुठे झुकलाय ते दिसेल, तेवढा जॉब पॅकिंग लावून तिरपा करा. वरचा तुकडा फेकला असेल तर दर तीन-चार मिमीला थांबून टॉर्च मारायचा आणि खड्ड्याभोवती चारी बाजूंना टॅपची चकाकी सारखी उरलीय का ते बघायचं.